कडबोळ्यातला ळ

माझ्या वडिलांनी आयुष्यभर अक्षरं रंगवली. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे फलक, टेम्पोच्या मागच्या फळ्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार. ठाण्यातल्या चरईत त्यांना सगळे 'पेंटर' म्हणूनच ओळखतात. फ्लेक्स आलं तसं काम आटत गेलं. नवरात्रात मंडळांचे कापडी फलक तेवढे उरले, मग तेही गेले. हात मात्र तसाच राहिला. आजही पेपर वाचता वाचता बाबांची तर्जनी हवेत एखादं अक्षर वळवत असते आणि त्यांना ते कळतही नाही.

हे आधी सांगते, कारण मी लिहिणार आहे माझ्या मुलाच्या अक्षरओळखीबद्दल, आणि त्यात निम्मा वाटा बाबांच्या हाताचा आहे.

आम्ही मानपाड्याला राहतो, घोडबंदर रोडला. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास पिल्लू अडीच वर्षांचा झाला. (घरी आम्ही त्याला पिल्लूच म्हणतो, इथेही तेच राहू दे.) संध्याकाळी सोसायटीच्या बागेत घसरगुंडीशेजारी उभं राहिलं की आयांच्या बोलण्यात एकच विषय. कुणाची मुलगी एपासून झेडपर्यंत म्हणून दाखवते, कुणाचा मुलगा स्वतःचं नाव लिहितो. प्लेग्रुपमधून दर शुक्रवारी एक छापील कागद घरी यायचा. त्यावर सफरचंदाचं चित्र आणि शेजारी ठिपक्यांचं कॅपिटल ए. ते गिरवून सोमवारी परत द्यायचं. पिल्लू खडू मुठीत धरायचा, खंजीर धरावा तसा, आणि सफरचंदावर गरागरा फिरवायचा. मी त्याचा हात माझ्या हातात घेऊन ठिपक्यांवरून नेऊ लागले की तो हात ताठ करायचा आणि रडायला लागायचा. तीन शुक्रवार असे गेले. चौथ्या शुक्रवारी रात्री तो झोपल्यावर मीच गिरवलं आणि सोमवारी देऊन टाकलं. त्या कागदावर प्लेग्रुपमधून लाल चांदणी मिळाली. ती चांदणी बघून मला फार वाईट वाटलं.

माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती सगळी नुसती कूर्चा असतात, मऊ, आणि पुढे वर्षावर्षानं एकेक करून टणक होत जातात. अडीच-तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यांतली जेमतेम दोन-तीनच हाडं झालेली असतात. हे मला तेव्हा माहीत असतं, तर मी तो हात धरून ओढला नसता.

घरात मराठी अक्षरांचा तक्ता हवा म्हणून मी गोखले रोडवरून एक आणून भिंतीला लावला. 'अ अननसाचा' ठीक होतं. 'आ आगगाडीचा'ही जमलं, ठाण्यात राहणाऱ्या मुलाला आगगाडी काय सांगायची! या देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली, हे बाबा त्याला दर वेळी पुलावरून लोकल दाखवताना सांगतात. पण पुढे ईडलिंबू, उखळ, ऐरण, औत. व्यंजनांत खटारा आणि थडगं. मी ईडलिंबावर बोट ठेवून "ई" म्हटलं की पिल्लू म्हणे, "लिंबू." आणि बरोबरच होतं त्याचं.

बाबा रविवारी टीएमटीच्या बसनं येतात. त्यांनी तक्त्यापुढे उभं राहून बराच वेळ बघितलं. आधी अक्षरांच्या वळणावर बोलले, ते बोलणारच. ल हिंदी वळणाचा छापलाय म्हणाले, पाकळीचा ल कुठे गेला? २००९ साली सरकारनं मराठी ल आणि श कसे काढायचे हे निर्णय काढून सांगितलंय, तरी छापणारे हाताला लागेल तो फॉन्ट घेतात. मग चित्रांकडे वळले. "अगं, यातलं निम्मं मीच हात लावून पाहिलेलं नाही. त्यानं कधी पाहायचं? त्याच्या हातात येतं काय ते बघ. आता गणपती येतील. ग तिथे आहे."

तिथून सुरुवात झाली. वर्षभर सण येतच राहतात, प्रत्येक सण घरात काही ना काही वस्तू आणतो, त्या वस्तूला वास असतो, ती हाताला लागते, आणि तिच्या नावात अक्षरं असतात. एवढंच.

पहिलाच प्रयोग माझ्या अंगाशी आला. मोबाइलवर बघितलं होतं तसं पुठ्ठ्यावर मोठा ग काढला, त्यावर फेविकॉल लावला आणि पिल्लूला वाटीभर वाळलेले वाटाणे दिले. एकेक चिकटव म्हटलं. छान चाललं होतं. मी गॅस बंद करायला उठले, परत आले तर तो नाक चोळत होता. वाटाणा आत! मी नुसती थरथरत होते. रिक्षानं कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी बारीक आकड्यानं अर्ध्या मिनिटात काढला. "कडधान्य ओलाव्यानं फुगतं," ते म्हणाले. "उद्या सकाळी आणलं असतंत तर याला भूल द्यावी लागली असती." त्या दिवसापासून आमच्या घरी नियम आहे. जे त्याच्या नाकात, कानात, घशात जाऊ शकतं ते हातात द्यायचं नाही. मणी नाहीत, साबुदाणा नाही, थर्माकोलचे गोळे नाहीत, चिंचोके नाहीत. हे वाचणाऱ्या आई-बाबांना आजी-आजोबांना मी हात जोडून सांगते, तीन-चार वर्षांपर्यंत हे एवढं पाळाच.

बाबांच्या चाळीत समोरच्या खोलीत एक काकू राहतात. बालवाडीच्या बाई म्हणून निवृत्त झालेल्या, तरुणपणी कोसबाडला जाऊन शिकून आलेल्या. कोसबाड, बोर्डी हा भाग आता पालघरमध्ये आहे. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा वेगळा झाला त्याआधी तो आमच्या ठाणे जिल्ह्यातच होता. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी जे उभं केलं त्यातून अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना मिळाली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. गुरं राखायला जातात तर कुरणात न्यायची, ती कुरणशाळा. साहित्य विकत आणायला पैसे नव्हते, आणि आणायचंही नव्हतं. शिंपले, बिया, गोटे, पानं, माती, जे पोराच्या रोजच्या वाटेवर पडलेलं आहे ते.

वाटाण्याची हकिगत ऐकून काकू रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुला अक्षर चिकटवून हवं होतं, त्याला वाटाणा हाताळायचा होता. मोठं दे काहीतरी. कणीक दे. त्याला नुसतं तिंबू दे चार दिवस." मग म्हणाल्या, माँटेसरीबाईंच्या पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरं असतात, मुलं त्यावरून बोट फिरवतात. बाबा पटकन उठले. त्यांच्या पेंटच्या पेटीत काचपेपर असतोच, पाटी रंगवण्याआधी फळी घासायला. त्यांनी त्यातला बारीक दाण्याचा घेतला, वीतभर उंचीचा ग कापला आणि जुन्या प्लायवर डकवला. पिल्लूनं बोट फिरवलं, थांबला, परत फिरवलं. "खलखल," तो म्हणाला, म्हणजे खरखर. पुढे कितीतरी दिवस ग म्हणजे खरखर होता.

त्या गणपतीत आम्ही फार काही केलं नाही. बाप्पाच्या कानाकडे बघून बाबांनी गचं वळण दाखवलं, दुर्वांच्या जुड्या बांधताना एक लांब दुर्वा वाकवून द केला, तो वाकवला की सुटायचा, पिल्लूला त्याचंच हसू यायचं. ऋषिपंचमीला काकूंकडची ऋषीची भाजी खाताना मला एकदम सुचलं की तक्त्यातला तो एकटा पडलेला ऋ, ज्याच्यासाठी ऋषीचं दाढीवालं चित्र काढतात, त्याचा तर दरवर्षी एक अख्खा दिवस असतो. भाजीत अळू, भेंडी, माठ, मक्याचं कणीस. ऋ त्या भाजीचा.

दसऱ्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं.

पाटीपूजनाची पाटी बाबांनी स्वतः आणली, जांभळी नाक्याच्या बाजारातून, लाकडी चौकटीची, खरी दगडी पाटी. मला वाटलं होतं आता मिळतही नसेल. लहानपणी आमच्या पाटीवर बाबाच सरस्वती काढायचे. ज्यांनी ती काढलेली आहे त्यांना सांगायला नको. त्या सरस्वतीला चेहरा नसतो, हात नसतात, वीणा नसते. ती सगळी एक या आकड्यातून बनते. '१' काढायचा, त्याला जोडून पुढचा १, त्याला जोडून पुढचा. आमच्या घरच्या रीतीत एक रांग झाली की खालच्या रांगेत एक कमी, असं करत ती निमुळती होत येते, आणि मग बघता बघता त्या आकड्यांच्या जाळीत देवी बसलेली असते. मी किती वर्षं ती पुजली, पण आपण आकड्याची देवी करतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. अक्षरापासून, आकड्यापासून काहीतरी बनवायचं ही आपल्याकडची नवी गोष्ट नाहीच. झेंडूची फुलं, आपट्याची पानं, पाटी, पुस्तक, आणि बाबांचे ब्रश. हो, ब्रशही पुजले जायचे आमच्याकडे, रॉकेलमध्ये धुऊन, कपड्यावर ओळीनं मांडून.

काकूंनी सांगितलं की त्यांच्या आजोबांच्या वेळी आधी धुळाक्षरं गिरवायचे. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि काडीनं नाही तर बोटानं त्यात अक्षर काढायचं, चुकलं की फळी हलवायची. पंतोजी 'ॐ नमः सिद्धम्' गिरवून घ्यायचे, त्याचाच ओनामा झाला. आता घरात धूळ कुठून आणू? परातीत वाटीभर रवा पसरला. पिल्लूनं आधी दोन्ही तळवे त्यात बुडवले. मग मुठी भरून वरून रवा सोडला. मग बोटानं एक रेघ ओढली, आणि रेघेतून परातीचं पितळ चमकलं. ते बघून त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिथेच खाली बसले. परात हलवली, रेघ गेली. पुन्हा ओढली. अर्धा तास हेच. त्यातलं एकही अक्षर नव्हतं, कुठे कुठे १सारखं काही होतं. पण ती बोटाची रेघ त्याची स्वतःची होती, तो सफरचंदाचा कागद माझा होता. पेन्सिल पकडण्याची मला घाई होती, ती त्या अर्ध्या तासात गेली आणि परत आली नाही.

आणि मग दिवाळीला बाबांचं आणि त्याचं बिनसलं.

बाबांना घरी कंदील करायचा होता. कामट्या तासल्या, सांगाडा बांधला, पतंगी कागद आणला. खळ घरीच शिजवली, मैद्याची. तिचा तो आंबूस उबदार वास, मी लहानपणी त्यासाठीच बाबांच्या मागे बसायचे. खळ पोटात गेली तरी काही होत नाही, म्हणून पिल्लूला पूर्ण मोकळीक होती. बाबांनी सोनेरी कागदातून तीन अक्षरं कापली. दि, वा, ळी. पिल्लूनं ती कंदिलावर लावायची. त्यानं ब्रशनं खळ फासली, कंदिलाला कमी आणि कोपरांना जास्त, आणि अक्षरं लावली. दि आडवा झाला, ळी कोपऱ्यात गेली, वा तर उलटाच. त्यानं टाळ्या वाजवल्या.

बाबांनी हळूच तीनही अक्षरं सोलली आणि ओळीत लावली.

हे समजायला बाबांचं काम माहीत हवं. पाटी रंगवायला घेतली की पहिली गोष्ट शिरोरेघ. खडूची पूड लावलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची, मधोमध चिमटीत पकडून सोडायची, फट्, फळीवर सरळ पांढरी रेघ. याला दोरी मारणं म्हणतात. सगळी अक्षरं त्या रेघेला लटकतात. इंग्रजी अक्षरं खालच्या ओळीवर उभी राहतात, आपली वरून टांगलेली असतात, तोरणासारखी. शिरोरेघ अर्धा सूत ढळली तरी बाबांना रात्री झोप यायची नाही, ते दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खर्चानं जाऊन पाटी पुन्हा रंगवायचे. मी पाहिलंय.

पिल्लूनं कंदिलाकडे बघितलं. ब्रश खाली ठेवला, पुसला नाही, नुसता ठेवला, आणि सोफ्यामागे जाऊन बसला. रडला नाही. पुढचे आठ दिवस कागद, खळ, कणीक, काहीही पुढे केलं की तो म्हणायचा, "आबा कल." र येत नव्हता त्याला तेव्हा. आबा कर. तू कर. मी नाही.

रात्री बाबांचा फोन आला. "झोपला का?" मग बराच वेळ काही नाही. मग, "माझं चुकलं गं." मी म्हटलं, "जाऊ द्या बाबा, त्याला कळतही नाही." हे मी खोटं बोलले होते आणि ते त्यांनाही माहीत होतं.

तुळशीच्या लग्नाला ऊस आला, त्याचा ऊ. वीतभर करवा दोन्ही हातांनी चोखता चोखता शिकला. नाताळात तलावपाळीला सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्चजवळ रोषणाई बघायला गेलो, तिथून येताना त्यानं चांदणी मागितली. विकतची न घेता आईस्क्रीमच्या काड्यांची केली. पाच काड्या, च चांदणीचा. प्लेग्रुपचंही एक क्राफ्ट त्या आठवड्यात होतं, कापूस लावलेला सांताक्लॉज. सोसायटीतल्या सगळ्या आया रात्री अकरापर्यंत जागून तो करत होत्या. माझी विनंती आहे, तीन वर्षांच्या मुलाला द्यायचं काम तीन वर्षांचं मूल करू शकेल असंच असावं. नीटनेटका सांताक्लॉज बघून शिक्षकांना कळतं की आई हुशार आहे. मुलाबद्दल काय कळतं?

संक्रांतीला तो तीन वर्षांचा होत आला होता. उशिराच, पण त्याचं बोरन्हाण केलं. काळा झबला-टोपरा, हलव्याचे दागिने, डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे. दागिन्यांवर मात्र मी पूर्ण वेळ नजर ठेवून होते. सगळी आजूबाजूची पोरं खाऊ वेचायला धावली आणि हा मधोमध बसून प्रत्येकाला सांगत होता, "तियगूय घ्या, गोय बोया."

तियगूय. माझ्या कानात तो शब्द अडकला. ळ म्हणायला जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावावं लागतं आणि तिथून सोडावं लागतं. लहान मुलांना ते लवकर जमत नाही. ओठांची अक्षरं आधी येतात, बाबा, मामा, पाणीसुद्धा 'पापा'. आपली वर्णमाला घशापासून ओठांकडे येते, क पासून प पर्यंत, आणि मूल ओठांपासून आत जातं. ळ अगदी आतल्या खोलीत राहतो.

त्या रात्री तिळाचे डबे भरता भरता मी आणि बाबा मोजत बसलो. तीळ, गूळ, गुळपोळी. होळी, आणि होळीची पुरणपोळी. पोळा. रांगोळी, फराळ, दिवाळी. नारळ, नारळी पौर्णिमा. तुळस, तुळशीची माळ. केळ, केळीचे खुंट. ओवाळणं, ओवाळणी. औक्षणाचं तबक घेऊन येते ती बहीण काय करते, ओवाळते. खळ. कंदिलाच्या झिरमिळ्या. एवढंच काय, ज्याच्यानं अक्षर घडतं ते वळण. तक्त्यात सर्वांत शेवटी, क्ष आणि ज्ञ यांच्या आधी जेमतेम जागा मिळालेला, एकाही शब्दाच्या सुरुवातीला न येणारा, 'बाळातला ळ' म्हणून ज्याला दुसऱ्याच्या घरात दाखवावा लागतो, तो आमच्या प्रत्येक सणात बसलेला निघाला. बाबांनी एकदा एका भटजींची पाटी रंगवली होती, त्यांनी तेव्हा सांगितलं होतं म्हणे, ऋग्वेदाची सुरुवातच 'अग्निमीळे'नं होते, त्यात ळ आहे. हिंदीच्या वर्णमालेत मात्र तो नाही. मराठीनं जपला. मला त्या रात्री त्या अक्षराची माया वाटली, एखाद्या शांत नातेवाइकाची वाटावी तशी, जो दर कार्याला येतो, मागच्या बाजूला राहून पंगती वाढतो, आणि फोटोत कधी नसतो.

पाडव्याला आंब्याची पानं दोऱ्यात ओवताना 'तोरणातला ण' सापडला, तोही तसाच, कुठेही पहिला न बसणारा. कौपिनेश्वराच्या देवळापासून निघणारी स्वागतयात्रा बघायला बाबांनी पिल्लूला खांद्यावर घेतलं होतं. ढोल-लेझमीच्या गर्दीत एका कापडी फलकाकडे बोट करून तो ओरडला, "खरखर!" फलकावर ग होता. बाबांनी मान वर करून विचारलं, "काय म्हणाला?" मी सांगितलं. खांद्यावर मूल घेऊन बाबा त्या फलकामागे तीन पावलं गेले.

ऑफिसातली माझी मैत्रीण राबोडीला राहते, ईदेला तिच्याकडून शीरखुर्म्याचा डबा येतो. डब्याच्या झाकणावर पिल्लूनं चांदीच्या कागदाची चंद्रकोर डकवली, आणि तक्त्यातल्या ईडलिंबावर मी ईदचा चंद्र चिकटवून टाकला. तो तक्ता आता तसा सगळाच बदललाय. उ उटण्याचा, त्यावर उटण्याची रिकामी पुडी. ए एकादशीचा, औ औक्षणाचा. ऐला काही केल्या सण मिळेना. मग पिल्लूच्या बाबानं ठरवलं, ऐ ऐरोलीचा. त्याची आत्या तिथे राहते आणि राखी बांधायला आम्ही तिथेच जातो.

पावसाळ्यात बाबांनी त्याला घेऊन फिरायला सुरुवात केली. गोखले रोड, राम मारुती रोड, हळूहळू, पाटी पाटी बघत. २०२२ पासून राज्यात लहान-मोठ्या सगळ्याच दुकानांची पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि बाकीच्या लिपीपेक्षा ती अक्षरं लहान नकोत असा नियम आहे. त्यामुळे आता बघायला पुष्कळ आहे. बाबांना वाटलं होतं की त्यांना हे बघून वाईट वाटेल, सगळं छापील, एकही हाताचं अक्षर नाही. पण पिल्लू एकेका पाटीखाली थांबायचा, आपल्या ओळखीचं अक्षर शोधायचा. कुठे ग सापडायचा, कुठे च. एक दिवस मिठाईच्या दुकानाबाहेर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, हा चष्मा कुणाचा?" बाबांनी वर बघितलं. 'फराळ' लिहिलं होतं. शेवटच्या अक्षराकडे त्याचं बोट होतं.

या दिवाळीत कंदिलाचं नाव कुणीच काढलं नाही. बाबा वसुबारसेला राहायलाच आले आणि आल्या आल्या म्हणाले, "कडबोळी करूया. भाजणी आणलीय काकूंकडून."

आईच्या मागे आमच्याकडे कडबोळी झाली नव्हती. उकळत्या पाण्यात मोहन, तिखट, तीळ, ओवा, भाजणी घालून झाकून ठेवली, आणि ऊनऊन असतानाच मळली. एक गोळा पिल्लूच्या पुढ्यात. वर्षभर कणीक, शाडू तिंबून त्याच्या तळव्यांत आता जोर आला होता. पोळपाटावर तो वळी करू लागला, दोन्ही हातांनी पुढे-मागे, पुढे-मागे. त्याची वळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला शेपटीसारखी. बाबांनी एक वळी घेतली, दोन टोकं जुळवून कडं केलं. पिल्लूनंही केलं. मग बाबांनी आपलं कडबोळं त्याच्या कडबोळ्याला चिकटवून ठेवलं. काही बोलले नाहीत.

पिल्लू बघत राहिला.

"चष्मा," तो म्हणाला. मग, "फराळ."

फराळ म्हणाला तो. फराय नाही. जीभ कुठेतरी मागे गेली होती आणि नीट परतली होती. मी झाऱ्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, बहुधा मुद्दामच.

जोडी तळायला टाकली ती तेलात गेल्या गेल्या सुटली. दोन कडबोळी वेगवेगळी फुलून वर आली, एक गोल, एक चेपलेलं. गार झाल्यावर पिल्लूनं ती ताटलीत घेतली आणि पुन्हा शेजारी शेजारी लावली. जरा विचार केला. कच्च्या भाजणीची पोळपाटावर उरलेली एक वळी उचलली आणि दोन्हींच्या वर आडवी ठेवली. ती डावीकडे वर चढली होती, उजवीकडे उतरली होती, आणि मध्ये वाकली होती.

बाबांचा हात ताटलीपर्यंत गेला. वळीच्या उतरलेल्या टोकापाशी दोन बोटं थांबली, चिमटीत दोरी धरतात तशी. मग त्यांनी हात मागे घेतला, पोळपाटावरचा भाजणीचा पुढचा गोळा उचलला आणि मळायला लागले.